वडिलांचं घर विकताना वारसाचा राहण्याचा हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि सण आटोपला की दोन-चार कुटुंबं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर माझ्यासमोर येऊन बसतात. बहिणी गावात आहेत तोवर सह्या उरकून घ्यायच्या असतात. मी दस्त लिहितो, वकिली करत नाही. कोर्टाचं काम वकिलाकडेच न्यावं. पण इतकी वर्षं जळगाव-धुळ्याकडची घरं कागदावर विकली जाताना पाहिली, तेच तेच प्रश्न ऐकले, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवतो. एक गोष्ट पहिल्यापासून खटकत आली आहे. हिश्श्याचं बोलणं सगळे करतात, छपराचं कोणी करत नाही. ते निघतं पैसे वाटून झाल्यावर.

घर "वडिलोपार्जित" आहे, असं आम्ही म्हणतो. कायद्यातही तेच का?

नेहमी नाही. बोलताना आपण वडिलांकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतो. कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजा-पणजापासून न वाटता चालत आलेलं एकत्र कुटुंबाचं घर एक. त्यात मुला-मुलींना जन्मानेच हक्क असतो. आणि वडिलांनी नोकरीच्या, दुकानाच्या किंवा केळीच्या पैशातून बांधलेलं घर दुसरं. ते त्यांचं स्वकष्टार्जित. ते हयात असेपर्यंत त्यात मुलांचा काडीचाही हक्क नाही. ते मृत्युपत्र न करता गेले तरच वारसांचा हक्क उभा राहतो.

नातवंडांचा गोंधळ इथेच होतो. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. त्यानंतर वडिलांचं स्वतःचं घर वारसाने मुलाकडे आलं, तर ते त्या मुलाचं स्वतःचं होतं. त्याच्या मुलाला त्यात जन्माने हिस्सा मिळत नाही. "आजोबांचं घर आहे, बाप विकूच शकत नाही" असं म्हणत येणाऱ्या तरुणांना मी आधी विचारतो, आजोबांनी ते कुठून आणलं? उत्तर आलं की अर्धा प्रश्न सुटतो.

वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. कोणाला किती?

घर वडिलांचं स्वतःचं असेल तर पाचही जणांना सारखं, प्रत्येकी एक पंचमांश.

घर एकत्र कुटुंबाचं असेल तर हिशोब लांबतो. वडील जाण्याच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई आणि चार मुलं मिळून सहा हिस्से. वडिलांचा सहावा हिस्सा पुन्हा पाच जणांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी एक तिसांश. एक षष्ठांश अधिक एक तिसांश किती? एक पंचमांश. इतकी आकडेमोड करून उत्तर तेच येतं, हे पाहून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण या कुटुंबापुरतं ते तसंच आहे. आधी एखादा मुलगा वारलेला असेल किंवा जुनी वाटणी झालेली असेल तर आकडे बदलतात.

बहिणीचं लग्न १९९० सालीच झालं. तिला हक्क पोचतो का?

पोचतो. वडिलांच्या स्वतःच्या घरात तर १९५६ पासूनच पोचतो. लग्न झालं की मुलीचं नाव कटतं हे चावडीवरचं शास्त्र आहे, कायद्यातलं नव्हे.

एकत्र कुटुंबाच्या घराचा इतिहास मात्र वेगळा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तरी "त्या तारखेला वडील हयात नव्हते" हा मुद्दा पंधरा वर्षं वाजत राहिला. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला: वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मर्यादा एक आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" एवढं सांगून भागत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. अगदी अपवाद म्हणून, सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल तरच तोंडी वाटणी मानतात.

राहण्याच्या बाबतीत २००५ ला आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फार कमी होते. जुन्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता. भाऊ वाटायला बसतील तेव्हाच तिला मिळायचं. घरात राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, नवऱ्याने टाकलेल्या, विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीला. ते कलमच काढून टाकलं. आज शिरपूरला नांदणारी बहीण शहाद्याच्या माहेरच्या घरात भावाइतकीच मालकीण आहे, आणि वाटणीचा दावाही करू शकते.

त्या घरात मी एकटाच राहतो. बाकीच्यांनी विकायचं ठरवलं. मला बाहेर काढता येईल का?

असं उठून, नाही. सहहिस्सेदाराचा ताबा घराच्या प्रत्येक विटेवर असतो. चार विरुद्ध एक असं मत घेऊन कोणाचं सामान ओट्यावर काढता येत नाही. घर म्हणजे सोसायटीची सभा नाही.

पण तुम्हालाही ते कायमचं अडवून धरता येणार नाही. कोणताही हिस्सेदार कधीही वाटणीचा दावा लावू शकतो. अडचण घराच्या आकाराची असते. आपल्याकडची जुनी धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं डोळ्यांसमोर आणा: वीस फूट तोंड, आत लांबच लांब बोळ, ओटा, ओसरी, माजघर, मागे परसू आणि एकच दार. त्याचे पाच हिस्से केले तर चौघांना जायला-यायला वाटच उरत नाही. अशा वेळी १८९३ चा वाटणी कायदा लागतो. निम्मे किंवा त्याहून जास्त हिश्श्याचे धनी मागणी करत असतील आणि घर वाटून उपयोग नाही असं दिसत असेल, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं.

मात्र त्याच कायद्याचं कलम ३ राहणाऱ्याच्या बाजूने आहे. विक्रीची मागणी झाली की उरलेला हिस्सेदार म्हणू शकतो, "मागणाऱ्यांचा हिस्सा मीच घेतो, कोर्टाने किंमत ठरवावी." मूल्यांकन झालं की पहिला घास त्याचा. तेव्हा घर सोडायचं नसेल तर भांडणात वर्षं घालवण्याआधी बँकेत जाऊन किती कर्ज मिळतं ते विचारून या. दावा जिंकायला वकील लागतो, घर ठेवायला पैसा.

आणि एक. वीस वर्षं एकटे राहिलात, घरपट्टी भरलीत, धाबं उतरवून पत्रे टाकलेत, म्हणून घर तुमच्या एकट्याचं होत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. केलेला खर्च वाटणीच्या हिशोबात मागता येतो, पावत्या ठेवा.

सगळ्यांच्या सह्या नसताना खरेदीखत झालं तर?

ज्यांच्या सह्या आहेत त्यांचेच हिस्से गेले. बाकीच्यांचे जिथल्या तिथे आहेत. घेणाराही तुमच्यासारखा एक हिस्सेदार होतो, पूर्ण घराचा मालक होत नाही.

"मी दुय्यम निबंधकाकडे हरकत अर्ज दिला आहे, आता व्यवहार होणारच नाही" असं कोणी म्हणालं की मला त्यांची काळजी वाटते. ते कार्यालय दस्त नोंदवतं, मालकी ठरवत नाही. नुसत्या अर्जावर नोंदणी थांबेल असं धरून चालू नका. थांबवायची असेल तर दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आणा. दावा दाखल झाला की त्याची नोटीस त्याच कार्यालयात नोंदवूनही ठेवा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. पेपरात जाहीर नोटीस आली असेल तर मुदतीत रजिस्टर पोस्टाने लेखी हरकत पाठवा आणि पोचपावती जपा.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला डावललं आहे हे कळल्यापासून हिश्श्याच्या दाव्याला बारा वर्षं मिळतात. पण स्वतः सही केलेला दस्त फसवणुकीचा आहे म्हणून रद्द करून घ्यायचा तर तीनच वर्षं. त्यामुळे "बघू पुढच्या दिवाळीला" हे परवडत नाही.

धाकट्या भावाने परस्पर त्याचा हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला. तो माणूस आता राहायला येतोय.

येऊ देऊ नका. या एका प्रश्नावर कायदा राहणाऱ्याच्या बाजूने ठाम उभा आहे आणि नेमकं हेच लोकांना ठाऊक नसतं.

एका गावात असं झालं. धाकट्याने कर्जापायी हिस्सा एका प्लॉटच्या दलालाला दिला. दलाल दोन माणसं आणि एक भलंमोठं कुलूप घेऊन आला, ओसरीलगतच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि "ही आमच्या वाटणीची" म्हणून निघून गेला. थोरली वहिनी त्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेवायची. पुढचे आठ दिवस त्या घरात उसन्या पिठाच्या भाकरी झाल्या.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, याचं कलम ४४ सांगतं: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. हिस्सा त्याचा, उंबरठा नाही. त्याने वाटणीचा दावा लावायचा. आणि तो दावा लावतो तेव्हा वाटणी कायद्याचं कलम ४ जागं होतं: घरातला हिस्सेदार म्हणू शकतो की कोर्टाने किंमत ठरवावी, हा हिस्सा मी घेतो. अंतिम हुकूमनाम्याची अंमलबजावणी पुरी होईपर्यंत ही मागणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे. वर सांगितलेल्या घरात कोर्टाच्या हुकमाने कुलूप निघालं. खोलीतल्या ज्वारीला तोवर सोंडे लागले होते.

दोन अटी लक्षात ठेवा. घर अजून मोजून-मापून वाटलेलं नसावं. भिंती घालून वेगवेगळे झालेल्या भावांना हे संरक्षण मिळत नाही. आणि घर राहतं असावं, नुसता गाळा किंवा खळं नव्हे. ही कलमं फक्त हिंदू कुटुंबांपुरती नाहीत.

तो विकणार आहे हे आधीच कळलं तर?

मग काम सोपं आहे. मृत्युपत्राशिवाय आलेल्या घरात पहिल्या वर्गाच्या वारसांपैकी (आई, बायको, मुलं, मुली वगैरे) कोणी आपला हिस्सा विकू लागला, तर इतरांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. किमतीवर जमलं नाही तर ती कोर्ट ठरवतं. दोघा-तिघांना हवा असेल तर जो जास्त देईल त्याला. हा हक्क शेतीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्पष्ट केलं. "मला घ्यायचं आहे, इतक्या किमतीला तयार आहे" अशी लेखी नोटीस वकिलामार्फत पाठवा. ओट्यावर बसून आबांसमोर म्हटलेलं पुढे कोणाला आठवत नाही.

आई कुठे राहील?

हा प्रश्न मला फार उशिरा विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर.

काही वर्षांपूर्वी अमळनेरकडचं एक कुटुंब आलं होतं. खरेदीखत तयार, गिऱ्हाईक हजर, चौघा भावंडांचे फोटो-अंगठे झाले. आईची पाळी आली आणि मशीन काही तिचा अंगठा घेईना. जन्मभर निंदणी, कापूस वेचणी. बोटाच्या रेषा पार गुळगुळीत. ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, दुसरं बोट लावून पाहिलं. त्या खटपटीत पाच-सात मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात ती माउली सहज बोलल्यासारखी बोलली, "पैसा ते भेटना, पन आते मी कोठे राहसू?" (पैसा तर मिळाला, पण आता मी कुठे राहू?) चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच ठरवलं नव्हतं. थोरला म्हणाला माझ्याकडे, धाकटा म्हणाला आळीपाळीने. शेवटी अंगठा उठला आणि दस्त झाला.

त्या दिवसापासून मी हे आधी विचारतो. कायद्याने आई पाहुणी नाही. वरच्या हिशोबात ती पाचव्या हिश्श्याची मालकीण आहे. तिच्या सहीशिवाय पूर्ण घर विकलंच जात नाही. ही तिची ताकद सही होईपर्यंतच असते. म्हणून सहीआधी पुढच्यापैकी काहीतरी कागदावर आणा. पैशातून आधी तिच्या नावावर लहानसं घर किंवा फ्लॅट घ्या, मग उरलेलं वाटा. किंवा तिच्या हिश्श्याची रक्कम थेट तिच्याच खात्यात जाऊ द्या. "माझ्या खात्यात टाका, मी तिला देतो" हे ऐकू नका. घर एखादा मुलगाच ठेवून घेत असेल तर तिने त्याला हक्क सोडून देण्याची घाई करू नये. सोडायचाच असेल तर हयातभर तिथे राहू देण्याची आणि सांभाळण्याची अट त्याच दस्तात लिहून घ्यावी.

ही अट शोभेची नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळू शकते. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अट कुठेच लिहिलेली नसली की सिद्ध करताना दमछाक होते.

विधवा वहिनी आणि तिची मुलं?

भाऊ आधी वारला असेल तर त्याचा वाटा त्याच्या शाखेला जातो: वहिनी आणि मुलं मिळून एक हिस्सा, आपसांत सारखा. तिने दुसरं लग्न केलं म्हणून मिळालेला हिस्सा परत जात नाही.

सुनेचा नवरा हयात आहे, पण घरात भांडणं आहेत. सासऱ्यांचं घर विकलं तर ती रस्त्यावर येईल का?

मालकीत तिचा हिस्सा नाही. राहण्याचा हक्क मात्र असू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात "सामायिक घर" ही कल्पना आहे, आणि ते सासू-सासऱ्यांच्या नावावरचंही असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. घर विकायला मनाई करण्याचा किंवा तशाच दर्जाची पर्यायी जागा, नाहीतर तिचं भाडं देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचा) मुलगा आहे. आईने त्याच्या वतीने सही केली तर चालेल?

त्याच्या नावाने वारसाने आलेला हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी लागते. ती नसेल तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. शहाणं गिऱ्हाईक परवानगीशिवाय घेतच नाही.

भाऊ म्हणतो, "फक्त हक्कसोडवर सही कर, घर तुझंच आहे, कधीही ये."

हेच ते आखाजीचं वाक्य. माझ्या आत्यानेही असंच ऐकून सही केली होती. पुढे ते घर विकलं गेलं, आणि माहेरचं म्हणून तिला दोन आखाज्या आमच्या भाड्याच्या खोलीत काढाव्या लागल्या. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. मी मात्र हे काम शिकलो तेव्हा तो दस्त काढून वाचला.

हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की तुम्ही त्या घराला परक्या झालात. "कधीही ये" याला कागदावर जागा नसते. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध केली तरच ते मागे फिरतं. ते नोंदणीकृतच असावं लागतं. साध्या स्टॅम्पवर नोटरी करून हक्क सुटत नाही. ते सहहिस्सेदाराच्याच नावे करता येतं, बाहेरच्याच्या नाही. भावंडांमधल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो २०० होता. एवढ्या स्वस्तात होतो म्हणूनच हा दस्त घाईत उरकला जातो.

प्रेमाने सोडायचं असेल तर जरूर सोडा, अनेक बहिणी सोडतात. पण सहीआधी मजकूर कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कोणती मिळकत लिहिली आहे? घराचाच गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आहे, की "सर्व स्थावर-जंगम" असं घालून शेतीही त्यात ओढली आहे? कोणाच्या नावे सोडताय, एका भावाच्या की सगळ्यांच्या? पैसे मिळणार असतील तर रक्कम आणि चेकचा नंबर दस्तात आहे का?

उताऱ्यावर फक्त थोरल्या भावाचं नाव आहे.

उतारा म्हणजे मालकी नव्हे. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, तो कर आकारणीचा कागद. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, शेताला सात-बारा. फेरफार नोंदीने हक्क मिळत नाही आणि नोंद नसल्याने जात नाही, हे कोर्टांनी अनेकदा सांगितलं आहे. तरी नाव लावून घ्याच, कारण गिऱ्हाईक उतारा पाहून येतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या माहितीचं प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज द्या: जमिनीसाठी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), शहरात सिटी सर्व्हेला, गावठाणात ग्रामपंचायतीकडे. अर्जात एखादी बहीण गाळलेली दिसली तर फेरफारावर मुदतीत हरकत घ्या. जमिनीच्या फेरफाराच्या नोटिसा "आपली चावडी"वर घरबसल्या दिसतात, आणि घराचा दस्त झाला का ते नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून पाहता येतं. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत; तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर चौकशीच्या दिवशी सगळ्या वारसांनी हजर राहा.

वडिलांनी मृत्युपत्राने सगळं एकाच मुलाला दिलं.

स्वतःचं घर असेल तर त्यांना तो अधिकार होता. एकत्र कुटुंबाच्या घरात फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरता. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का ते पाहा.

जळगावच्या सोसायटीत फ्लॅट आहे, नॉमिनी धाकटा आहे. तो एकटा विकू शकतो?

नाही. नॉमिनीकडे सोसायटीच्या कागदापुरता त्या फ्लॅटचा कारभार येतो, मालकी वारसांचीच राहते.

घरात जुना भाडेकरू आहे.

मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. घेणाऱ्याला तो भाडेकरूसकटच घ्यावा लागतो, आणि किंमतही तशीच येते.

मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांना हेच नियम का?

नाही. भुसावळ-जळगावकडची पुष्कळ मुस्लिम कुटुंबं येतात, त्यांना शरीयतचा वारसा लागू. तिथे जन्माने हक्क नसतो, माणूस गेल्यावरच वाटे पडतात: मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. पण हिस्सा ठरलेला असतो आणि तिला डावलून घर विकता येत नाही.

नंदुरबारच्या सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू होत नाही; अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत, वारसा रूढीने चालतो. रूढीच्या नावाखाली बाईला काहीच नाही, हे मात्र आता सरसकट टिकत नाही. छत्तीसगडच्या एका आदिवासी कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि वनपट्टा वारसाने मिळतो पण विकता येत नाही. अशा जागेवरचं घर "स्टॅम्पवर" घेणारे भेटतात. घेऊही नका, देऊही नका.

पैसे कसे घ्यायचे? कर लागतो का?

वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेऊ नका, इसारसुद्धा. तेवढाच दंड बसू शकतो. प्रत्येक वारसाचा वेगळा चेक किंवा बँकेतून थेट भरणा, आणि तो तपशील खरेदीखतात.

कर नफ्यावर लागतो, आणि प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर. वारसाने आलेल्या घराची खरेदी किंमत वडिलांना पडली तीच धरतात. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव घेता येतो. आजचा दर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही आहे, त्यातला कमी पडेल तो घ्यावा. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. आईसाठी तिच्या नावावर घर घेण्याचं हे आणखी एक कारण. ते तिच्याच नावावर घ्या, मुलाच्या घेतलं तर सूट अडते.

कोर्टात जायला पैसे नाहीत.

महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. कित्येक बहिणी फीच्या भीतीने थांबलेल्या असतात, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. वकीलही मोफत मिळतो: जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. दावा लावण्याआधी तिथे समेटाची बैठकही मागता येते. वाटणीच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा, मग जागेवर येऊन हिस्से पाडणारा कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा, मग दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. त्यापेक्षा एक बैठक स्वस्त पडते.

घर विकलं तर कानबाई कुठे बसवायची?

हसू नका, हे दरवर्षी विचारलं जातं. कानबाई ही आमच्या खानदेशातली घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी मूळ घरी जमते, रोट खायला पुण्या-सुरतेहून माणसं येतात. कायद्यात याला हक्क म्हणून जागा नाही. खरेदी झाली की देवघराचा कोनाडाही गिऱ्हाइकाचा. मी कुटुंब व्यवस्थेच्या लेखात (कोणाला काय, हे सगळ्यांनी ठरवून लिहिलेल्या कागदात) एक ओळ घालायला सांगतो: कानबाई यापुढे अमक्याच्या घरी, खर्च सगळ्यांचा. पारोळ्याकडच्या एका भावकीत ही ओळ लिहिताना जास्त वेळ गेला, हिश्श्यांचं अर्ध्या तासात मिटलं होतं. शेवटी ठरलं की कानबाई आईच्या नव्या फ्लॅटवर, दुसऱ्या मजल्यावर. आईने विचारलं, तिथे लिफ्ट आहे का. नव्हती. मग तळमजल्याचा फ्लॅट पाहायला चौघं माझ्याकडूनच रिक्षाने गेले. दस्त पुढच्या आठवड्यावर ढकलला.